तोंडातल्या कॅन्डिडासाठी चिकटणारं जेल बनवायचंय? मग आधी लाळेचा विचार करा

एम.फार्मला दरवर्षी कुणी ना कुणी म्युकोअ‍ॅडहेसिव्ह (म्हणजे तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तराला चिकटून राहणाऱ्या) जेलचा प्रोजेक्ट घेतंच, कारण वरवर सोपा दिसतो, कार्बोपॉल (जेल घट्ट करणारा आम्लधर्मी पॉलिमर) भिजवला, ड्रग टाकलं, अल्कली घालून न्यूट्रलाइज केलं, झालं जेल. जेल होतंही. पण ते तोंडात टिकतं का? बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, कारण सगळी मेहनत व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) आणि रिलीजच्या (ड्रग किती सुटतं त्याच्या) ग्राफवर जाते आणि लाळ नावाची गोष्ट कुणाच्या लक्षातच राहत नाही. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. हे लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी आहे हां, घरी बनवून तोंडाला लावायचा प्रकार नाही. तोंडात पांढरे चट्टे असतील तर सरळ डेंटिस्ट नाहीतर डॉक्टर गाठा.

आधी पेशंट कोण ते बघू, कारण फॉर्म्युला त्याच्यावर ठरतो. कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट कितीतरी निरोगी लोकांच्या तोंडात गुपचूप असतंच, त्रास तेव्हा होतो जेव्हा प्रतिकारशक्ती किंवा लाळ कमी पडते. कवळी रात्रंदिवस घालून ठेवणारे आजोबा, स्टेरॉइडचा इनहेलर घेऊन चूळ न भरणारे दम्याचे पेशंट, शुगर कंट्रोलमध्ये नसलेले, केमो किंवा रेडिएशन चालू असलेले, एचआयव्हीवाले, आणि तान्ही बाळं. म्हणजे तुमचं जेल ज्या तोंडात जाणार ते आधीच सोललेलं, झोंबणारं, बऱ्याचदा कोरडं पडलेलं असतं. हे लक्षात ठेवलं की अल्कोहोल टाकायचा मोह आपोआप आवरतो.

आता लाळ. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, शांत बसलेलं असताना मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर आणि खाताना त्याच्या कितीतरी पट. माऊथ पेंट किंवा सस्पेन्शन लावलं की काही मिनिटांत बरंचसं पोटात. म्हणूनच निस्टॅटिनचं सस्पेन्शन दिवसातून चार वेळा तोंडात घोळवायला सांगतात आणि क्लोट्रिमाझोलची १० मिलिग्रॅमची चघळायची गोळी दिवसातून पाच वेळा, तीही १४ दिवस. पाच वेळा कोण घेतंय? उलट अमेरिकेत २०१० साली मंजूर झालेली मायकोनाझोलची ५० मिलिग्रॅमची चिकटणारी गोळी बघा, ओरॅव्हिग नावाची, ती वरच्या हिरडीवर सुळ्याजवळच्या खळग्यात दिवसातून एकदाच चिकटवायची. ड्रग त्याच घराण्यातलं, फरक टिकण्याचा. तुमच्या प्रोजेक्टचं इंट्रोडक्शन खरं तर एवढ्यावरच उभं राहतं, चार पानं बुरशीचं वर्गीकरण लिहायची गरज नाही.

ड्रग कुठलं घ्यायचं? फ्लुकोनाझोल सोयीचं वाटतं कारण पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं आणि यूव्हीला (प्रकाशाच्या शोषणावरून ड्रग मोजायच्या यंत्रावर) त्रास देत नाही, पण तोंडावाटे घेतलं की ते ९० टक्क्यांच्या वर रक्तात जातं, कॅप्सूलनेच काम होतं, मग जेल कशाला हा प्रश्न व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचे परीक्षक विचारणारच. वर पाण्यात विरघळणारं असल्यामुळे लाळेबरोबर आधी तेच वाहून जातं. निस्टॅटिन आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही म्हणून सेफ, पण उजेड, उष्णता, ओलावा काहीच सोसत नाही, पाण्याच्या जेलमध्ये त्याची स्टॅबिलिटी सांभाळणं हाच एक वेगळा प्रोजेक्ट. मायकोनाझोलचं २ टक्के ओरल जेल बाजारात आधीपासून आहे, तुलनेसाठी मार्केटेड प्रॉडक्ट हातात मिळतं ही जमेची बाजू, मात्र वॉरफरिन घेणाऱ्यांत या जेलनेसुद्धा रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्राव झालेले आहेत आणि चार महिन्यांच्या आतल्या बाळाला घट्ट जेल घशात अडकून गुदमरायची भीती असते, हे दोन्ही मुद्दे थिसिसमध्ये यायलाच हवेत. मी शक्यतो क्लोट्रिमाझोल १ टक्का सुचवतो. स्वस्त, सहज मिळणारं, पाण्यात जवळपास न विरघळणारं, म्हणजे कणांच्या रूपात जागेवर बसून हळूहळू सुटणारं.

थोडं विषयांतर. पुण्याच्या पोरांना हे माहीतच नसतं की बुरशीविरोधी औषधांत आपल्या पिंपरीचं नाव आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हॅमायसिन हे पॉलिईन (निस्टॅटिनच्याच घराण्यातलं औषध) जगासमोर मांडलं, ज्या जिवाणूपासून ते मिळतं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या जवळचं रेणू आहे आणि तोंडातल्या थ्रशसाठी (याच कॅन्डिडाच्या पांढऱ्या चट्ट्यांसाठी) वापरलंही गेलं. ड्रग मिळणं अवघड म्हणून प्रोजेक्टला घ्या असं म्हणत नाही, पण लिटरेचर सर्व्हेत एक पॅरा टाका, गाईड खूश होतील.

पॉलिमरकडे येऊ. चिकटणं दोन टप्प्यांत होतं, आधी जेल ओल्या त्वचेवर नीट पसरून टेकतं, मग पॉलिमरच्या साखळ्या म्युसिनच्या (लाळेतल्या बुळबुळीत प्रथिनाच्या) साखळ्यांत घुसून अडकतात आणि हायड्रोजन बाँड बनतात. कार्बोपॉलला कार्बोक्सिल गट भरपूर म्हणून तो चिकटण्यात अव्वल. कायटोसान धन प्रभाराचा, म्युसिनमधल्या सायलिक अ‍ॅसिडच्या ऋण प्रभाराला धरतो. एचपीएमसी, सोडियम सीएमसी (दोन्ही सेल्युलोजपासून बनवलेले पॉलिमर) मध्यम चिकटतात पण जेलला अंग देतात, पटकन विरघळून जाऊ देत नाहीत. पोलॉक्सॅमर ४०७ साधारण १८ ते २० टक्के घेतला तर फ्रीजमध्ये पातळ आणि तोंडात गेल्यावर घट्ट, दिसायला भारी, व्हायव्हात डेमो दाखवायला मस्त, पण एकटा ठेवला तर लाळेने पातळ झाला की सुटतो, जोडीला कार्बोपॉल किंवा एचपीएमसी लागतोच. चिंचोक्याचा गमसुद्धा चांगला चिकटतो आणि आपल्याकडे मुबलक, कुणाला थोडं वेगळं करायचं असेल तर बघा.

एक गोष्ट मात्र करू नका, कार्बोपॉल आणि कायटोसान एकाच भांड्यात घालून "दोन्हीचे फायदे" मिळवायला जाऊ नका. धन आणि ऋण एकत्र आले की कॉम्प्लेक्स होऊन चोथा तळाशी बसतो. आणि क्लोट्रिमाझोल कायटोसानच्या आम्लधर्मी द्रावणात छान विरघळतं म्हणून आनंदून जाऊ नका. आम्लात त्याचं हायड्रोलिसिस होऊन इमिडाझोल तुटून बाजूला पडतं. पहिल्या दिवशी ड्रग कंटेंट ९९ टक्के दाखवेल आणि स्टॅबिलिटीत घसरत जाईल.

कार्बोपॉलचा ग्रेड बघून घ्या. कॉलेजच्या स्टोअरमध्ये ९३४ किंवा ९४० पडलेला असतो, हे बेंझिनमध्ये बनवलेले ग्रेड आहेत. तोंडातल्या वापराला ९७४पी घ्या. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२३ मध्ये बेंझिनवाले कार्बोमर काढून टाकण्याबद्दल गाइडन्ससुद्धा काढलाय, त्यामुळे आता "स्टोअरमध्ये होता म्हणून वापरला" हे उत्तर चालत नाही.

सुरुवातीला १०० ग्रॅमची बॅच अशी धरा, हा फक्त स्टार्टिंग पॉइंट आहे, पुढे तुमचं डिझाइन ठरवेल. क्लोट्रिमाझोल मायक्रोनाइज्ड १ ग्रॅम, कार्बोपॉल ९७४पी ०.८ ग्रॅम, एचपीएमसी के४एम १ ग्रॅम, प्रोपिलिन ग्लायकॉल १० ग्रॅम, ग्लिसरीन ५ ग्रॅम, मिथाइल पॅराबेन ०.१८ आणि प्रोपाइल पॅराबेन ०.०२ ग्रॅम (हे दोन्ही प्रिझर्व्हेटिव्ह), सोडियम सॅकरिन ०.१ ग्रॅम, पेपरमिंट तेलाचा थेंब, सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण पीएच ६.५ येईपर्यंत, बाकी पाणी. साखर अजिबात नाही, ज्याला मारायचंय त्यालाच खाऊ घालण्यात काय अर्थ आहे.

कार्बोपॉल भिजवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात चिवट काम. निम्मं पाणी बीकरमध्ये घ्या, ओव्हरहेड स्टररवर भोवरा पडेल इतका वेग ठेवा, आणि पावडर चाळणीतून भोवऱ्याच्या कडेला भुरभुरत टाका, एकदम ओतली की पिठल्यात बेसन गुठळतं तशा गुठळ्या होतात, बाहेरून चिकट पापुद्रा आणि आत कोरडी पावडर, आणि मग कितीही ढवळा त्या फुटत नाहीत. सगळी पावडर गेली की वेग कमी करा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पातळ, किंचित धुरकट द्रावण दिसायला हवं. ते घट्ट नसतं, घाबरू नका, जेल न्यूट्रलाइज केल्यावरच होतं. एचपीएमसी वेगळा करा, थोड्या गरम पाण्यात, ८० अंशांच्या आसपास, पसरवून घ्या आणि मग थंड पाणी घालून ढवळत गार करा, गरम पाण्यात तो विरघळत नाही पण कण सुटे होतात आणि गार होताना फुलतात.

ड्रग खलात घ्या आणि ग्लायकॉल थोडं थोडं घालत घोटा, गुळगुळीत पेस्ट व्हायला हवी, बोटाला खरखर लागता कामा नये. काही जण ड्रग पूर्ण विरघळवण्यासाठी इथेनॉल घालतात, एक तर पेशंटचं तोंड पेटतं आणि दुसरं म्हणजे पाण्यात गेल्यावर ते ड्रग पुन्हा वाट्टेल त्या आकाराच्या स्फटिकांत बाहेर पडतं. पांढरट जेल म्हणजे फेल असं नाही. सस्पेन्शन जेल पांढरटच दिसणार. पॅराबेन उरलेल्या ग्लायकॉलमध्ये कोमट करून विरघळवा. आता सगळं कार्बोपॉलमध्ये मिसळा, हळू ढवळत, आणि शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने. इथे स्टरर जोरात फिरवला की हवा अडकते आणि जेलमधले बुडबुडे मग आठवडाभर तिथेच. एका ग्रॅम कार्बोपॉलला ढोबळमानाने ०.४ ग्रॅम घन सोडियम हायड्रॉक्साइड लागतो पण हिशोबावर विसंबू नका, पीएच मीटर बघत घाला. ट्रायइथेनॉलअमाइननेही होतं, सगळे तेच वापरतात, पण तोंडातल्या जेलला त्याची चव आणि वास मला पटत नाही.

पीएच ६.५ का? लाळेचा पीएच साधारण ६.२ ते ७.६, दातांचं इनॅमल ५.५ च्या खाली झिजायला लागतं, क्लोट्रिमाझोलला आम्ल चालत नाही, म्हणून खाली जायचं नाही. आणि वर गेलं तर कार्बोपॉलचे गट पूर्ण आयनाइज होतात, जेल फुगतं भरपूर पण म्युसिनशी हायड्रोजन बाँड करणारे मोकळे कार्बोक्सिल कमी उरतात. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट आयनाइज होतात तो) ६ च्या आसपास आहे, त्यामुळे ६ ते ६.५ मध्ये फुगणं आणि चिकटणं दोन्ही मिळतं. मीठ कुठल्याही रूपात जास्त पडलं की कार्बोपॉल पातळ होतो, सॅकरिनसुद्धा सोडियमचं मीठच, हात आवरता घ्या.

ड्रग कंटेंटला एक खड्डा आहे आणि त्यात दर बॅचला कुणीतरी पडतंच. क्लोट्रिमाझोल यूव्हीत २६० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि तेही फारसं जोरात नाही. मिथाइल पॅराबेनचा मॅक्सिमा (सगळ्यात जास्त शोषण) २५६ ला आणि तो मात्र दणदणीत. म्हणजे शुद्ध मिथेनॉल ब्लँक (तुलनेचा शून्य) ठेवून वाचलं तर ड्रग १०० टक्क्यांच्या कितीतरी वर येतं आणि पोरं म्हणतात वजनात चूक झाली असेल. वजनात काही चूक नसते. ड्रग सोडून बाकी सगळं असलेलं प्लासिबो जेल त्याच पद्धतीने काढून ब्लँक ठेवा, आणि एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मिळत असेल तर तेच करा, यूव्हीचा नाद सोडा.

चिकटण्याच्या टेस्टसाठी बोकडाच्या गालाची आतली कातडी लागते. खाटकाकडे सकाळी लवकर जा आणि मुंडी साफ करायच्या आधी, म्हणजे भाजायच्या आधी, गालफडाचा आतला भाग मागा, भाजलेल्या मुंडीचा काही उपयोग नाही. आणलेल्या तुकड्याकडे नीट बघा, ओठाच्या कोपऱ्याकडच्या भागात आत वळलेले टोकदार काटे असतात, काटेरी पाला खाणाऱ्या जनावराचं तोंड आहे ते. त्या भागावर जेल काट्यांत अडकतं आणि फोर्स उगाच जास्त दिसतो. गुळगुळीत भाग तेवढा कापून घ्या, खालची चरबी आणि स्नायू कात्रीने काढा, पीएच ६.८ च्या फॉस्फेट बफरमध्ये थंड ठेवा आणि काही तासांत वापरून टाका. डीप फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवलेल्या कातडीचा डेटा घेऊ नका. आणि एका प्राण्याच्या तुकड्यावर सगळे फॉर्म्युले, मग दुसऱ्या प्राण्यावर परत सगळे, असं करा, नाहीतर फॉर्म्युल्यातला फरक की बोकडातला फरक हे कळणार नाही.

टेक्स्चर अ‍ॅनलायझर असेल तर उत्तम. नसेल तर जुना फिजिकल बॅलन्स, एका बाजूचं पारडं काढून तिथे कातडी बांधलेली काचेची बाटली लटकवा, खाली दुसरी कातडी पक्की, मध्ये मोजून जेल, वर ५० ग्रॅमचं वजन ठेवून दोन मिनिटं दाब द्या, सगळ्यांना तेवढाच. दुसऱ्या पारड्यात बीकर, त्यात सलाइनच्या ड्रिप सेटने पाणी एकसारख्या वेगाने सोडा. सुटलं की पाण्याचं वजन. २० ग्रॅमला सुटलं तर २० गुणिले ९.८१ भागिले १०००, म्हणजे ०.१९६ न्यूटन. इथपर्यंत सगळे करतात. पण सुटल्यावर दोन्ही कातड्या उलटून बघा, हे कुणी करत नाही. एक कातडी जवळजवळ स्वच्छ असेल तर जेल कातडीपासून सुटलं. दोन्हींवर जेल लागलेलं असेल तर जेल मधोमध फाटलंय, म्हणजे तुम्ही चिकटपणा मोजलाच नाही, जेलची स्वतःची ताकद मोजलीत. तेव्हा कार्बोपॉल वाढवून उपयोग नाही, एचपीएमसी वाढवा.

फोर्सपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे किती वेळ टिकतं. मला विचाराल तर थिसिसचा मुख्य आकडा हाच असायला हवा. काचपट्टीवर कातडी चिकटवून ती तिरकी ठेवा, वर अर्धा ग्रॅम जेल, आणि ३७ अंशांचं कृत्रिम लाळेचं द्रावण मिनिटाला अर्धा ते एक मिलिलिटर या वेगाने वरून सोडा. ठरावीक वेळांनी खाली जमा झालेल्या द्रावणातलं ड्रग मोजा, म्हणजे किती वाहून गेलं ते कळतं. सगळ्यात जास्त फोर्सवाला फॉर्म्युला इथे मागे पडलेला मी पाहिलाय, कारण जास्त कार्बोपॉलवालं जेल पाणी ओढून ओढून बुळबुळीत होतं आणि अख्खं घसरतं.

रिलीजला फ्रांझ सेल (मध्ये पडदा असलेलं दोन कप्प्यांचं काचेचं उपकरण) घ्या, पण रिसेप्टरमध्ये (खालच्या कप्प्यात) नुसता बफर घालून बसू नका. क्लोट्रिमाझोलची पाण्यातली सोल्युबिलिटी लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास. एक ग्रॅम जेलमध्ये १० मिलिग्रॅम ड्रग, म्हणजे ते नुसतं विरघळायला २० लिटर पाणी लागेल आणि तुमच्या सेलमध्ये वीस-पंचवीस मिलिलिटर. रिलीज एक टक्कासुद्धा न होता थांबतो तो पॉलिमरमुळे नाही, जागाच नसते म्हणून. सोडियम लॉरिल सल्फेट अर्धा ते एक टक्का घाला, आणि आधी त्या मिश्रणात सोल्युबिलिटी काढून सिंक कंडिशन (सगळं ड्रग सहज विरघळेल इतकी जागा) आहे हे दाखवा. मग बोकडाच्या कातडीतून परमिएशन, म्हणजे ड्रग आरपार किती जातं ते. इथे बरेच जण "परमिएशन वाढलं" म्हणून कन्क्लुजनमध्ये मिरवतात. अहो, आपल्याला रक्तात पाठवायचंच नाहीये! बुरशी वरच्या थरांत आहे. कातडीत किती साठलं ते जास्त आणि आरपार किती गेलं ते कमी, हा चांगला निकाल. शेवटी कातडी कापून, मिथेनॉलमध्ये काढून, आत राहिलेलं ड्रग मोजा.

मायक्रोसाठी चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहाचा २२७ नंबरचा अल्बिकन्स किंवा तशाच अमेरिकन संग्रहाचा एटीसीसी १०२३१, सबरो डेक्स्ट्रोज अगार, ०.५ मॅकफारलँडचं (गढूळपणाचं माप) सस्पेन्शन, कप प्लेट (अगारला भोक पाडून त्यात जेल भरायचं), २४ ते ४८ तास. प्लासिबोचा कप हवाच, कारण पॅराबेन स्वतः बुरशी मारतो, कायटोसानही मारतो. आणि झोनचा (कपाभोवती बुरशी न वाढलेल्या वर्तुळाचा) आकार म्हणजे औषधाची ताकद असं समजू नका, न विरघळणारं ड्रग आणि घट्ट जेल अगारमध्ये हळू सरकतं, झोन लहानच येणार, चांगल्या जेलचासुद्धा. जमलं तर टाइम-किल (किती वेळात किती बुरशी मरते ते मोजणं) करा.

माणसांवर चव बघायची असेल, अगदी मित्रांवर प्लासिबोची, तरी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. ड्रगवाल्या जेलची तर गोष्टच वेगळी, ते न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स २०१९ मध्ये येतं.

स्टॅबिलिटी ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने, आतून लॅकर मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये, बीकरला फॉइल लावून नव्हे. प्रत्येक पॉइंटला पीएच, व्हिस्कॉसिटी, कंटेंटबरोबर एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा आणि फोटो काढून ठेवा, सस्पेन्शन जेलमध्ये बारीक कण विरघळून मोठ्यांवर जमतात आणि सुया वाढायला लागतात, त्या पेशंटच्या सोललेल्या जिभेला टोचतात. आणि सहा महिन्यांचं गणित आत्ताच मांडा, सबमिशन मे-जूनमध्ये असेल तर फायनल बॅच चेंबरमध्ये नोव्हेंबरला जायला हवी, म्हणजे ऑप्टिमायझेशन दिवाळीच्या आत. तेवढं जमलं नाही तर तीन महिन्यांचा डेटा द्या आणि तीन महिन्यांचाच म्हणून लिहा, त्यावरून दोन वर्षांची शेल्फ लाइफ काढायला जाऊ नका.